सी लायब्ररीतला थ्रेडिंगचा कोड आटोपशीर कसा करावा

लिनक्स, विंडोज आणि मॅक अशा तिन्हीकडे चालणारी जुनी सी लायब्ररी सांभाळायला मिळाली, की मी सगळ्यात आधी तिचा थ्रेडिंगचा, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामे समांतर चालवण्याचा, कोड उघडतो. बहुतेक ठिकाणी तेच दिसते. दर चार-पाच ओळींमागे एक इफडेफ (प्रणालीनुसार कोडचा तुकडा निवडणारी सूचना) असतो. एक वाट विंडोजची, दुसरी पोझिक्सची (युनिक्ससारख्या प्रणालींचे सामाईक प्रमाण), आणि मध्येच कधीच्या काळी बंद पडलेल्या एखाद्या युनिक्सची तिसरी. या कोडला हात लावायला कोणी धजत नाही, कारण इथली चूक लगेच कळत नाही. सगळ्या चाचण्या हिरव्या होतात आणि महिनाभराने कुणाच्या तरी सर्व्हरवर प्रोग्रॅम गपकन अडकून बसतो.

हा गुंता कुणाच्या आळसामुळे झालेला नाही. पोझिक्स थ्रेड्सचे प्रमाण १९९५ मध्ये आले, विंडोजने आपली वेगळी पद्धत ठेवली, आणि खुद्द सी भाषेच्या प्रमाणात २०११ पर्यंत थ्रेडचा उल्लेखही नव्हता. प्रत्येक लायब्ररीने आपापला पूल बांधला आणि त्यावर वर्षानुवर्षे ठिगळे चढत गेली. ती काढता येतात, पण त्याला क्रम आहे. खाली दिलेला क्रम मी पाळतो.

पायरी १ : आधी मोजदाद

पहिल्या दिवशी एकही ओळ बदलू नका. ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) चालवून थ्रेड्सचा ताळमेळ राखण्यासाठी वापरलेले पीथ्रेड (पोझिक्स थ्रेड्स), क्रिटिकल सेक्शन, इव्हेंट, सेमाफोर, इंटरलॉक्ड आणि व्होलाटाइल हे शब्द कुठे कुठे येतात त्याची यादी काढा. प्रत्येक लॉकपुढे (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) तो नेमकी कोणती माहिती राखतो ते एका वाक्यात लिहा. हे वाक्य जमत नसेल, तर तो लॉक एक तर नको असलेला आहे किंवा एकाच वेळी तीन कामे करतो आहे. यादी जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

पायरी २ : तळ ठरवा

सगळ्यात जुनी कोणती प्रणाली सांभाळायची, या एका निर्णयाने निम्मा कोड गळून पडतो. विंडोजच्या बाबतीत ही रेघ व्हिस्टापाशी आहे. एसआरडब्ल्यू लॉक (विंडोजचा हलका लॉक), खरी कंडिशन व्हेरिएबल (अट पुरी होईपर्यंत थ्रेडला थांबवणारी सोय) आणि एकदाच चालणाऱ्या आरंभासाठीची इनिट-वन्स सोय या तिन्ही गोष्टी तिथे पहिल्यांदा आल्या. त्याआधी कंडिशन व्हेरिएबल हवे असेल तर इव्हेंट आणि सेमाफोर जोडून स्वतः रचावे लागे, आणि ते बिनचूक रचणे फार अवघड असते. काही जुन्या कोडमध्ये त्यासाठी विंडोजचे पल्सइव्हेंट हे फंक्शन वापरलेले सापडते. ते भरवशाचे नाही आणि वापरू नये, असे मायक्रोसॉफ्टची कागदपत्रेच सांगतात. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. तुमच्या वापरकर्त्यांत एक्सपीवर अडकलेली यंत्रे खरोखर असतील तर गोष्ट वेगळी. नसतील तर हा रचलेला भाग पूर्ण काढून टाका.

मग सी११ चे (२०११ च्या सी प्रमाणातले) थ्रेड्स हेडर का वापरू नये, असे कुणीही विचारेल. कारण ते प्रमाणातच ऐच्छिक आहे. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) ते २०१८ च्या २.२८ आवृत्तीत आले, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये २०२३ साली व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.८ आवृत्तीत, आणि ॲपलने आपल्या एसडीकेत (प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनसंचात) ते वर्षानुवर्षे दिलेच नाही. सगळीकडे चालायला हवे असेल, तर आज पाया पीथ्रेड आणि विंडोजचे मूळ एपीआय हाच धरावा लागतो.

पायरी ३ : एक पातळ थर

आता एक हेडर आणि एक सी फाइल करा. प्रणालीची नावे फक्त या दोन फाइलींत राहतील. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाची लिबएलझेडएमए लायब्ररी असेच करते. तिच्या एका अंतर्गत हेडरमध्ये पोझिक्स, जुने विंडोज आणि व्हिस्टानंतरचे विंडोज अशा तीन वाटा शेजारी शेजारी आहेत, आणि बाकीच्या कोडला त्यातली कोणती निवडली हे कळण्याची गरज पडत नाही.

थरात काय ठेवावे? थ्रेड सुरू करणे, तो संपेपर्यंत थांबणे, म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारा लॉक), कंडिशन व्हेरिएबल आणि एकदाच चालवणे. बस. रीड-राइट लॉक, प्राधान्यक्रम, थ्रेड रद्द करणे यांतले काहीही आज वापरात नसेल तर 'पुढे लागेल' म्हणून आणू नका. सेमाफोर (किती थ्रेडनी पुढे जायचे ते मोजणारी सोय) तर टाळाच. मॅकवर निनावी पोझिक्स सेमाफोर नुसते दिसायला आहेत. ते तयार करायला गेलात की फंक्शन चूक परत करते. म्युटेक्स, कंडिशन व्हेरिएबल आणि एक मोजणारा आकडा यांतून सेमाफोरचे काम होते.

ठरावीक वेळ वाट पाहणारे फंक्शन लागत असेल तर सावध राहा, कारण तिन्ही प्रणालींत त्याचा अर्थ वेगळा आहे. पीथ्रेडला थांबण्याची वेळ घड्याळातल्या निश्चित क्षणाच्या रूपात लागते आणि तेही मुळात भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. कुणी यंत्राची वेळ बदलली की हिशेब चुकतो. लिनक्सवर मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारे) घड्याळ निवडता येते, पण मॅकवर ती निवडच नाही आणि तिथे सापेक्ष वेळ घेणारे ॲपलचे स्वतःचे फंक्शन वापरावे लागते. विंडोजला मिलिसेकंद हवे असतात. थराने बाहेरून फक्त मिलिसेकंद घ्यावेत आणि उरलेले आत निस्तरावे. त्याहून चांगले म्हणजे ते फंक्शन खरोखर लागते का ते पाहणे. कितीतरी ठिकाणी 'दर शंभर मिलिसेकंदांनी उठून बघ' असा जो कोड असतो, तो कुणीतरी हरवलेला सिग्नल झाकण्यासाठी लिहिलेला असतो. मूळ दोष दुरुस्त केला की ही वाट पाहण्याची गरजच संपते.

थ्रेड सुरू करतानाही एक सापळा आहे. पीथ्रेडला पॉइंटर परत करणारे फंक्शन लागते, विंडोजला आकडा परत करणारे, आणि ३२ बिटी विंडोजवर तर हाक मारण्याची पद्धतही निराळी. कास्ट करून वेळ मारून नेऊ नका. थराच्या आत एक छोटे मध्यस्थ फंक्शन ठेवा आणि विंडोजवर क्रिएटथ्रेडऐवजी सी रनटाइमचे बिगिनथ्रेडएक्स वापरा.

पायरी ४ : दोनदा लागणारे लॉक शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो द्यावा. विंडोजचा क्रिटिकल सेक्शन पुनरावर्ती असतो, म्हणजे ज्या थ्रेडने तो घेतला आहे त्यानेच पुन्हा मागितला तरी मिळतो. पीथ्रेडचा साधा म्युटेक्स असा नसतो. लिनक्सवर त्याच थ्रेडने तो दुसऱ्यांदा मागितला की थ्रेड स्वतःचीच वाट पाहत कायमचा थांबतो. त्यामुळे विंडोजवर वाढलेला कोड लिनक्सवर अडकतो. मग कुणीतरी लिनक्सचा म्युटेक्सही पुनरावर्ती करून टाकतो आणि दोष आणखी खोल दडतो.

दोष खोल का म्हणायचा? लॉक घेतलेल्या फंक्शनने वाटेत माहिती अर्धवट बदललेली असते. तेच फंक्शन कॉलबॅक देते (म्हणजे वापरणाऱ्याने दिलेले फंक्शन चालवते), कॉलबॅक पुन्हा लायब्ररीत शिरतो, लॉक सहज मिळतो आणि त्याला ती अर्धवट माहिती दिसते. कंडिशन व्हेरिएबलवर थांबताना तर पुनरावर्ती म्युटेक्स थेट घातक ठरतो. दोनदा घेतलेला लॉक एकदाच सोडला जातो आणि ज्याने जागे करायचे तो बाहेर ताटकळत राहतो.

उपाय सोपा आहे, पण चिकाटी लागते. लिनक्सवरच्या डिबग बिल्डमध्ये म्युटेक्स चूक तपासणाऱ्या प्रकारचा करा. तो दुसऱ्यांदा मागितल्यावर अडकत नाही, चूक परत करतो. तिथेच असर्ट (चूक दिसताच प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी) लावा. जिथे तो असर्ट फुटेल तिथे फंक्शनाचे दोन भाग करा: बाहेरून येणारे फंक्शन लॉक घेईल आणि आतले, नावाला 'लॉक्ड' असा शेपटा लावलेले, लॉक आधीच घेतला आहे असे धरून काम करील. आतल्या फंक्शनांनी एकमेकांनाच हाक मारायची. कॉलबॅक देण्याआधी लॉक सोडायचा. हे सगळे निपटल्यावरच विंडोजवर क्रिटिकल सेक्शनच्या जागी एसआरडब्ल्यू लॉक आणा. तो पुनरावर्ती नाही, एका पॉइंटरएवढा आहे, त्याची सुरुवात स्थिर मूल्याने होते आणि नष्ट करावा लागत नाही. म्हणजे तो पीथ्रेडसारखा वागतो आणि दोन वाटांमधला मोठा फरक मिटतो. त्याचा नुसता अनन्य प्रकारच, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत, वापरा.

पायरी ५ : व्होलाटाइलला निरोप

माझ्या देखभालीतल्या एका लायब्ररीत 'तक्ता तयार आहे' असे सांगणारा एक व्होलाटाइल (किंमत दर वेळी स्मृतीतून वाचायला कंपायलरला सांगणारा शब्द लावलेला) झेंडा होता. इंटेलच्या यंत्रांवर त्याने कधी त्रास दिला नाही. एम१ च्या (ॲपलचा एआरएम प्रोसेसर) मॅकवर मात्र कधीतरी झेंडा वर दिसायचा आणि तक्ता अर्धा रिकामा असायचा. कारण सरळ आहे. एक्स८६ प्रोसेसर स्मृतीतल्या लेखनांचा क्रम बराचसा जपतो, एआरएम तेवढा जपत नाही. सी मधल्या व्होलाटाइलने थ्रेड्समधला क्रम सांभाळला जात नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर एक्स८६ वर त्याला जादा अर्थ देतो, म्हणून तिथे ते चालल्यासारखे वाटते.

एकदाच करायच्या आरंभासाठी थरातले 'एकदाच चालवा' वापरा. बाकी झेंडे म्युटेक्सच्या आत न्या. लॉकचा भार खरोखर मोजून जड ठरला, तरच ॲटॉमिक (मध्येच न तुटणाऱ्या क्रिया) आणा आणि तेही मूळच्या कडक क्रमाने. सैल क्रम वापरून दोन नॅनोसेकंद वाचवण्यापेक्षा पुढच्या माणसाला कोड समजणे जास्त मोलाचे आहे.

पायरी ६ : थ्रेड संपवणे आणि स्टॅक

थ्रेड बाहेरून मारू नका. लॉकच्या आत 'थांबा' हा झेंडा वर करा, सगळ्यांना जागे करा, मग प्रत्येक थ्रेड संपेपर्यंत वाट पाहा. विंडोजवर हे डीएलएलमेनच्या (लायब्ररी चढताना-उतरताना विंडोज चालवते ते फंक्शन) आत करू नका. संपणाऱ्या थ्रेडला लोडरचा लॉक हवा असतो, तो तुमच्याकडे अडकलेला असतो आणि दोघेही थांबतात. त्यासाठी बंद करण्याचे वेगळे फंक्शन द्या.

स्टॅकचा (थ्रेडच्या स्थानिक माहितीची जागा) आकार थरातच ठरवा. मूळ आकार लिनक्सवर बहुधा ८ एमबी, विंडोजवर १ एमबी, मॅकच्या दुय्यम थ्रेडला ५१२ केबी, आणि अल्पाइन लिनक्स ज्यावर चालते त्या मस्लमध्ये अवघा १२८ केबी. मोठे स्थानिक ॲरे वापरणारा कोड उबुंटूवर ठणठणीत चालतो आणि अल्पाइनच्या कंटेनरमध्ये कोसळतो, तो यामुळे.

पायरी ७ : तपासणी

थ्रेडसॅनिटायझर (दोन थ्रेड एकाच माहितीवर एकदम हात घालतात ती शर्यत पकडणारे साधन) चालू करून बिल्ड करा. प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट मंदावतो आणि स्मृतीही पाच ते दहा पट लागते, म्हणून चाचण्यांचा छोटा संच निवडा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये हे साधन नाही, पण आता सगळा तर्क एकाच थरातून जातो. लिनक्सवर जी शर्यत पकडली जाईल ती विंडोजवरही होतीच. सोबत एआरएम यंत्रावर तोच संच तासन्‌तास फिरवा. प्रत्येक कंडिशन व्हेरिएबलची वाट व्हाइल लूपमध्ये आहे ना, हे डोळ्यांनी तपासा. कुणी न उठवताही थ्रेड जागा होऊ शकतो.

पायरी ८ : वापरणाऱ्याला सांगा

बाहेरच्या हेडरमध्ये स्पष्ट लिहा: एक ऑब्जेक्ट दोन थ्रेडनी वापरलेला चालतो का, कॉलबॅक कोणत्या थ्रेडवर येतो, फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत काढल्यावर) काय वापरू नये. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी आपले तीन थ्रेडिंग प्रकार असे नीट मांडते. आणि लॉकिंगचे काम वापरणाऱ्याच्या गळ्यात घालू नका. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.१.० आधीच्या आवृत्त्यांत लॉकची फंक्शने ॲप्लिकेशनने पुरवावी लागत. एकाच प्रोसेसमधल्या दोन लायब्ररींनी ती आपापली बसवली की एकीची दुसरीवर कुरघोडी होई. २०१६ च्या १.१.० मध्ये लायब्ररी स्वतःच लॉक बनवू लागली आणि तो सगळा प्रकार संपला.

प्रत्येक पायरी वेगळ्या छोट्या कमिटमध्ये ठेवा, म्हणजे काही बिघडल्यास बायसेक्टने (कमिटांची यादी निम्मी-निम्मी करत चूक शोधणे) नेमकी जागा सापडते. शेवटी पहिल्या दिवशीची ग्रेप कमांड पुन्हा चालवा आणि जुन्या यादीशी ताडून पाहा. थराच्या दोन फाइलींबाहेर एकही ओळ येता कामा नये. आली, तर ती तिथे का राहिली ते शोधा. नंतर तीच कमांड सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणारी तपासणी) घाला, म्हणजे उद्या कुणाच्या पॅचमध्ये थेट पीथ्रेडची हाक आली तर बिल्ड तिथेच थांबेल.