पैदाशीतून बाद झालेल्या जातिवंत कोंबड्यांचं काय करायचं?

आधी दोष कसला आहे ते ठरवा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. रंग किंवा तुरा जातीच्या वर्णनात बसत नसेल, तर पक्षी धडधाकटच आहे, फक्त पैदाशीला नको. वाकडी शेपूट, पोक आलेली पाठ, कात्रीसारखी एकमेकींवर चढलेली चोच हे दोष पिल्लांत उतरू शकतात, त्यामुळे असा पक्षी पैदाशीसाठी कुणालाच देऊ नका. आजारी पक्षी तर दुसऱ्या कुणाकडे जाताच कामा नये.

रंगावरून पिल्लं बाद करायची घाई नको. मोठेपणीची पिसं येईपर्यंत रंग बदलत राहतो. शेपूट पाहायची तर पक्षी मोकळा उभा असताना, बरोबर मागून. हातात धरला की तो शेपूट कशीही वळवतो. वायंडॉट जातीत चपट्या गुलाबतुऱ्याऐवजी (इंग्रजीत ‘रोझ कोंब’) उभा एकेरी तुरा निघाला, तरी तो पक्षी लगेच काढू नका: गुलाबतुऱ्याचं जनुक आईबाप दोघांकडून आलेल्या नरांची फलनक्षमता कमी असते, म्हणून जाणकार एखादा एकेरी तुऱ्याचा नर मुद्दाम राखतात.

तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंड्यांसाठी ठेवा. जुनी कोंबडी अंडी देते का, हे बोटांनी कळतं: गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये 2-3 बोटं मावली तर देते, जेमतेम एक मावलं तर थांबली आहे. हमखास खुडूक होणारी, म्हणजे अंड्यांवर बसून राहणारी कोंबडी तर सोडूच नका, तिच्याखाली चांगल्या जोड्यांची अंडी उबवायला घालता येतात.

बाद कोंबड्यांच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं घाला, नाहीतर त्यांची अंडी उबवणीत मिसळतात. वाढत्या पक्ष्याचं कडं दर आठवड्याला तपासा. ते मांसात रुततं. बाद नर बाजूला केल्यावरही त्याचं बीज कोंबडीच्या शरीरात 2-3 आठवडे टिकतं, म्हणून उबवणीची अंडी किमान 3 आठवडे थांबूनच गोळा करा.

खरा प्रश्न नरांचा. निम्मी पिल्लं नर निघतात आणि 8-10 माद्यांना एक पुरतो. उरलेले माद्यांच्या नजरेआड एकत्र ठेवले तर भांडणं कमी होतात. त्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका, त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. मांसासाठी 16 ते 20 आठवड्यांचं वय उत्तम. कापण्याआधी 8-12 तास दाणा बंद, पाणी चालू. औषध दिलं असेल तर वेष्टनावर लिहिलेले दिवस पाळा. कापल्यावर मांस 24-48 तास फ्रिजमध्ये ठेवा. ताठरपणा उतरण्याआधी शिजवलं तर ते रबरासारखं लागतं.

वाकड्या चोचीच्या पिल्लाला खोल भांड्यात भिजवलेलं खाद्य द्या आणि दर आठवड्याला वजन करा. वजन सतत घटत असेल, तर पशुवैद्याकडून वेदना न होता शेवट करणं हीच दया. उपाशी झुरत ठेवू नका.

विकताना दोष बोट ठेवून दाखवा आणि पावतीवर ‘पैदाशीसाठी नाही’ असं स्पष्ट लिहा.