लेक मिशिगनला पोहायला जाताय? लाडाची लेक समजू नका

समर आला की शिकागो, डेट्रॉइटकडची आपली मंडळी गाडी भरून लेक मिशिगनला निघतात, पुलाव असतो, चटया असतात, पोरांच्या ट्यूब असतात, फक्त त्या दिवशी वारा कुठून सुटलाय हे कोणी बघितलेलं नसतं. लेक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गावचं तळं येतं ना, तिथेच घोळ होतो. हे तळं सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटरचं आहे, सगळ्यात खोल जागी २८१ मीटर, त्यामुळे हिशोब समुद्राचाच धरायचा, फक्त पाणी गोडं. आणि गोड्या पाण्यात अंग खाऱ्या पाण्याएवढं तरंगत नाही, म्हणजे कोकणात मस्त पोहणारासुद्धा इथे लवकर दमतो.

जायचं कधी, तर जुलैचा शेवट ते ऑगस्ट. जूनमध्ये ऊन कडक असतं पण पाणी बर्फ, एकदम उडी मारली तर श्वासच अडकतो, म्हणून आधी पाय, मग कंबर, असं हळूहळू जा. आणि काल पाणी कोमट होतं म्हणून आज पण असेल असं नाही हं, उत्तरेचा किंवा पूर्वेचा वारा जोरात वाहिला की मिशिगन राज्याच्या, म्हणजे पूर्वेकडच्या किनाऱ्याचं वरचं गरम पाणी आत ढकललं जातं आणि खालचं गार वर येतं, एका रात्रीत.

सकाळी निघायच्या आधी नॅशनल वेदर सर्व्हिसचा बीच फोरकास्ट बघा. बीचवर झेंडे असतात, हिरवा, पिवळा, लाल, आणि डबल लाल असेल तर मिशिगनच्या स्टेट पार्कात पाण्यात उतरायला बंदीच. तिथे बहुतेक ठिकाणी लाइफगार्ड नसतो, तेव्हा मोठ्यांपैकी एकाने मोबाइल बाजूला ठेवून फक्त पोरांकडे बघायचं, आळीपाळीने.

मिशिगनच्या किनाऱ्यावरच्या साउथ हेवन, ग्रँड हेवन गावांचे लाइटहाउसवाले पिअर, म्हणजे पाण्यात आत गेलेले धक्के, फोटोला भारी, पण पिअरच्या कडेने पोहू नका, तिथे पाण्याची ओढ भिंतीला धरून आत नेते, आणि लाटा असतील तर वर चालायला पण जाऊ नका. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे जोर लावून दमू नका, उताणे व्हा, तरंगत राहा, ओढ कुठे नेतेय ते बघा, मग आडवं पोहत तिच्यातून बाहेर पडा.

हवेच्या ट्यूबवर माझा तर राग आहे. पूर्वेचा वारा असला की पाणी आरशासारखं शांत दिसतं, आणि ट्यूब निघते पलीकडच्या किनाऱ्याला, विस्कॉन्सिनला! पोरांना लाइफ जॅकेटच घाला.

कयाक, पॅडलबोर्ड पहिल्यांदाच करताय तर मिशिगनमधल्याच हॉलंड गावाला जा, स्टेट पार्कच्या पलीकडेच लेक मॅकाटावा आहे, छोटा, आडोशाचा, तिथे शिका. जेटस्की चालवायची असेल तर ३१ डिसेंबर १९७८ नंतर जन्मलेल्यांना बोटिंग सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, ते घरूनच ऑनलाइन करून या.

शिकागोवाल्यांनो, मिशिगनचं घड्याळ तुमच्या एक तास पुढे, बुकिंग त्या हिशोबाने करा. आणि लाल झेंडा दिसला तर तोंड पाडू नका, साउथ हेवनच्या आसपास ब्लूबेरीची शेतं आहेत, जुलै-ऑगस्टमध्ये बादली घेऊन स्वतः तोडायची, पोरं तिथेही तेवढीच रमतात.