जुना ऑफ-रोड ट्रक कॅम्पर घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

जुन्या कॅम्परचं, म्हणजे ट्रकवर बसवलेल्या राहत्या पेटीचं, दार उघडलं की कुबट वास येतो, बेडखालची फळी जरा दबते, आणि तरीही बहुतेक जण पहिल्याच दिवशी फ्रिज कुठे बसेल याचं माप घ्यायला लागतात. तो वास गादीचा किंवा पडद्यांचा नसतो. भिंतीच्या आतल्या लाकडाचा असतो.

खडबडीत वाटेवर ट्रकची चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, पिळते. वरची कॅम्परची पेटी पिळायला तयार नसते. मग ताण पेटीच्या कोपऱ्यांवर येतो, सांध्यातला सीलंट (फट बुजवणारा लेप) तुटतो, पाणी आत शिरतं आणि सांगाडा कुजतो. कुजलेला सांगाडा आणखी हलतो. खालच्या बऱ्याच चुका या साखळीतली एखादी कडी विसरल्यामुळे होतात.

कूज न शोधताच आतलं काम काढणं

पुष्कळ जुन्या कॅम्परमध्ये बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून ३ मिमीचं प्लायवूड असतं. पत्रा कुजत नाही, म्हणून बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. केबिनवर पुढे आलेल्या भागाची खालची कड, छताच्या कडा, खिडक्यांचे खालचे कोपरे, छतावरच्या व्हेंटची चौकट आणि जॅक बसवलेले चार कोपरे या जागा आधी तपासा. आतल्या बाजूने टोच्या दाबून बघा. तो लोण्यात गेल्यासारखा गेला तर ती पट्टी संपली. मॉइश्चर मीटरवर १५ टक्क्यांच्या आत आकडा आला तर ठीक. २० च्या वर सतत राहिला तर तिथलं प्लाय उघडावंच लागेल. मात्र मीटरच्या पिना पत्र्याला किंवा चकाकी असलेल्या इन्सुलेशनला टेकल्या तर आकडा खोटा वाढतो.

ओल्या लाकडावर पातळ एपॉक्सी ओतून 'घट्ट' करणं ही नेहमीची पळवाट. एपॉक्सी वरचा थर बंद करतं, ओल आत कोंडते आणि कूज पुढे सरकते. आधी भिंत उघडी ठेवून पंखा लावा, ओल १२ ते १५ टक्क्यांवर येऊ द्या. याला दोन-तीन आठवडेही लागतात. कुजलेला भाग डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढे निदान ३० सेंमी कापा. नवी पट्टी नुसती टोकाला टोक लावून जोडू नका, तिरका काप घ्या. कापाची लांबी जाडीच्या आठपट हवी, म्हणजे २० मिमी पट्टीला १६० मिमी. एपॉक्सी लावून पकडीत धरा, पण पकड इतकी आवळू नका की सगळं एपॉक्सी बाहेर पडेल.

'आता कधीच कुजायला नको' म्हणून तांब्याच्या द्रावणात मुरवलेलं लाकूड आणणारे बरेच असतात. ते लाकूड ॲल्युमिनियमला टेकलं आणि ओल लागली की पत्र्याला आतून भोकं पडतात. साधं, कोरडं, सरळ धाग्याचं लाकूड पुरेसं आहे. कुजण्याचं कारण पाणी आहे; ते थांबलं तर साधं लाकूडही टिकतं.

आणखी एक सांभाळा: सगळ्या भिंतींचा पत्रा एकदम उतरवू नका. पत्रा निघाला की पेटी पत्त्याच्या बंगल्यासारखी एका बाजूला कलते. एका वेळी एकच भिंत उघडा, पुढच्या बेडच्या भागाखाली घोड्या लावा आणि नवी पट्टी पक्की करण्यापूर्वी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर दार पुढे कधीच नीट बसणार नाही. आणि पेटी फक्त तिच्या जॅकवर उभी असताना तिच्या खाली कधीही शिरू नका.

गळतीवर सिलिकॉन

सिलिकॉन म्हणजे घरगुती दुरुस्तीतला सगळ्यात महाग स्वस्त उपाय. ते हललेल्या सांध्यावरून सुटतं, आणि त्याचा जो पातळ थर मागे राहतो त्यावर पुढे काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. जुनं सिलिकॉन असेल तर ते खरवडूनच काढावं लागतं, त्याला दुसरा रस्ता नाही.

खिडकी, व्हेंट, कोपऱ्याची पट्टी यांच्या खाली ब्यूटिल टेप (मऊ राहणारी चिकट रबरी पट्टी) लावा, २० ते २५ मिमी रुंद आणि सुमारे ३ मिमी जाड. स्क्रू आवळताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात न आवळता समोरासमोर थोडं थोडं आवळा. टेप कडेने बाहेर येऊ लागली की थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळा, कारण ब्यूटिल हळूहळू पसरतं. मग बाहेर आलेला भाग कापून टाका. छतावरच्या सपाट सांध्यांवर वरून स्वतः पसरणारा लॅप सीलंट घाला. भिंतीवर तोच घातला तर तो ओघळतो. तिथे न ओघळणारा प्रकार हवा. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर जाड स्क्रू ठोकण्यापेक्षा एपॉक्सी लावलेली लाकडी खुंटी भरून पुन्हा भोक पाडा. स्टेनलेस स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातोय तर धाग्यांवर गंजरोधक पेस्ट लावा. दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं.

साफ करताना दोन ठिकाणी हात आखडा. अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांना थिनर, ॲसिटोन किंवा अल्कोहोल लागलं तर केसासारख्या बारीक चिरा पडतात, कधी कधी लगेच नाही तर काही दिवसांनी. आणि रबरी छतावर पेट्रोल किंवा रॉकेलचा बोळा फिरवला तर ते फुगतं. साबणाचं पाणी बस.

मग पाण्याची चाचणी. पाइपने छतावरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून आत येतंय ते कळतच नाही. खालून वर जा: आधी खालची कड, मग खिडक्या, शेवटी छत. प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटं, आत एक जण बॅटरी घेऊन.

पेटी चासीला चारी बाजूंनी जखडणं

शिडीसारखी चासी पिळावी म्हणूनच तशी बनवलेली असते. ऑफ-रोडला तीच तिची ताकद. पेटी चार कोपऱ्यांवर बोल्टने जखडली की एक तर पेटीचे कोपरे फुटतात, नाही तर चासीला बोल्टच्या भोकापासून चीर जाते. कायमची पेटी बसवताना एका टोकाला घट्ट आधार आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचे किंवा फिरत्या पिनचे आधार द्या, म्हणजे चासी खालून पिळेल आणि पेटी सरळ राहील. तपासायला एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक २०० मिमी उंचीच्या भक्कम चढावावर घ्या. आता कॅम्परचं दार सहज उघडतंय का? कुठला आधार टेकायचा थांबतोय का?

या आधारांसाठी चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. वाकण्याचा ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो. उभ्या भागात कारखान्यातूनच दिलेली भोकं वापरा. चासीवर दुसरीकडे वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडवा.

पिकअपच्या हौद्यात ठेवायच्या कॅम्परला हौद्याच्या पत्र्याला कडी लावून बांधण्याची चूक हमखास होते. पत्रा आधी वाकतो, मग फाटतो. बांधण्याचे हुक चासीला हवेत, आणि टर्नबकलला (फिरवून ताण द्यायच्या आवळ्याला) स्प्रिंग हवी. पेटीखाली ८ ते १० मिमीची रबरी मॅट घाला. केबिनचं छप्पर आणि कॅम्पर यांत ५० ते ७५ मिमी मोकळी जागा राहू द्या, कारण हौदा आणि केबिन वेगवेगळे हलतात.

वजन शेवटी बघू, असं म्हणणं

वजन शेवटी बघायचं म्हणजे खर्च झाल्यावर बघायचं. आधी रिकामा ट्रक टाकी भरून काट्यावर न्या, पुढचा आणि मागचा आक्सल (चाकांचा दांडा) वेगळा मोजा. गाडीच्या पाटीवरच्या एकूण मर्यादेतून आणि प्रत्येक आक्सलच्या मर्यादेतून ते वजा करा. उरेल त्यात कॅम्पर, पाणी, गॅस, माणसं, सामान सगळं बसायला हवं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे विसरलं जातं. ८ बाय ४ फुटांची १८ मिमी बर्च प्लायची एक शीट साधारण ३६ किलो भरते; १२ मिमी पॉप्लर प्लायची जेमतेम १६. कपाटं दुसऱ्यातून करा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड तर विसराच: जड, आणि ओल लागली की फुगून स्क्रू सोडतात.

वजन कुठे आहे हेही तितकंच महत्त्वाचं. समजा ट्रकच्या दोन आक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि ४०० किलोच्या भाराचा मध्य मागच्या आक्सलच्या ३० सेंमी मागे पडला. मागचा आक्सल मग ४४० किलो उचलतो आणि पुढचा ४० किलोंनी हलका होतो. चढावर स्टिअरिंग ढिलं वाटतं ते त्यामुळे. पाण्याची टाकी आणि बॅटरी म्हणून आक्सलच्या पुढे आणि खाली ठेवा. मागच्या स्प्रिंगचे पाटे बसलेत म्हणून त्यांच्या जोडीला एअर बॅग (हवा भरलेल्या रबरी पिशव्या) लावल्या तर गाडी वर येते, पण आक्सल, बेअरिंग आणि टायरची मर्यादा जिथल्या तिथे राहते. टायरवरचा शेवटचा चार आकडी कोड बघा: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. दहा वर्षं झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी काढा.

वायरिंग: बारीक तार, लांब अंतर

फ्रिज रात्री बंद पडतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. बहुतेक वेळा दोष तारेचा असतो. १२ व्होल्टचा ५ अँपिअरचा फ्रिज बॅटरीपासून ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तार होते. २.५ चौ. मिमी तारेत सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच जातात, ४ चौ. मिमीत ०.२६. कंप्रेसर सुरू होताना ओढ जास्त असते, तेव्हा व्होल्टेज आणखी पडतं आणि फ्रिजचा रक्षक सर्किट तोडतो. घरातल्या भिंतीत घालतात ती एकेरी जाड तार इथे नको, कंपनाने तुटते. बारीक धाग्यांची लवचीक तार आणि नीट दाबलेलं थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) वापरा. फ्यूज तारेला वाचवतो, उपकरणाला नाही, म्हणून तो बॅटरीच्या टोकाजवळ हवा, २० सेंमीच्या आत.

जुना ट्रक २४ व्होल्टचा असेल तर दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट घेण्याचा मोह आवरा. एक बॅटरी सतत कमी चार्ज, दुसरी सतत जास्त. काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. लिथियम बॅटरी लावताय तर आल्टरनेटरवरून (इंजिनवर चालणाऱ्या जनित्रावरून) थेट जोडू नका, ती इतका करंट ओढते की आल्टरनेटर तापतो. मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवा. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नका, सेलच्या आत कायमचं नुकसान होतं.

गॅस, हीटर आणि घाम

एलपीजी हवेपेक्षा जड. सिलिंडरचा कप्पा आतल्या भागापासून बंद हवा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. गॅस डिटेक्टर जमिनीजवळ लावा. जुनी रबरी नळी आणि रेग्युलेटर तपासत बसू नका, बदलाच. सांधे साबणाच्या फेसाने बघा, काडीपेटीने नव्हे. कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या जागेजवळ, आणि तो नसेल तर आत आग पेटवणारं काहीही वापरू नका.

१ किलो एलपीजी जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन आत सुटतं. त्यात दोन माणसांचा रात्रभराचा श्वास. म्हणून काचेवर थेंब दिसले तर गळती शोधत छत उकलण्याआधी हवा खेळती आहे का ते बघा: एक झरोका खाली, एक वर. भिंतीत ग्लासवूल भरू नका, ती ओल धरते. बंद पेशींचे फोम बोर्ड नीट मापाने कापून बसवा आणि फटी फोमने बंद करा.

डिझेल हीटर काळा धूर सोडतोय, पेटताना अडखळतोय? तो सतत मंद चालवल्याने आत काजळी जमते. अधूनमधून अर्धा तास पूर्ण जोरात चालवा. धुराचा पाइप गाडीच्या कडेबाहेर काढा, आणि हवा ओढणारा पाइप त्याच्यापासून दूर ठेवा.

पहिल्या फेरीनंतर

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांत बदललं नसेल तर उतार लागण्यापूर्वी बदला. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून टर्नबकल, चाकांचे नट आणि पेटीचे आधार पुन्हा आवळा. कपाटं आपोआप उघडत असतील तर लोहचुंबकाची पकड काढून दाबून उघडायची कुलपी कडी लावा. छतावरचा नवा सीलंट कुठे केसाएवढा फाटलाय का बघा. फाटला असेल तर त्यावर आणखी सीलंट न घालता त्या कोपऱ्याखालचा आधार तपासा.