बायबल अभ्यासगट चालवताय? या चुका टाळा

अठरा वर्षं मी बायबल अभ्यासगट चालवते आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, दहा-बारा माणसं, मांडीवर उघडं पवित्र शास्त्र. माणसं येतात-जातात, चुका मात्र त्याच राहतात, आणि बहुतेकींच्या मुळाशी घाई असते. कुणाला अभ्यासाचे कष्ट नकोत, नुसती सहभागिता हवी. कुणाला ग्रंथ हवेत, पण शेजारी बसलेला माणूस नको. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना ही चारही एकाच वाक्यात आली आहेत. त्यातलं आपल्याला सोपं तेवढं उचलून ख्रिस्तात वाढता येत नाही.

वचन तोडून हातात देणं

यिर्मया २९:११. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे सांगणारं वचन. आमच्या गटातल्या एका भावाची नोकरी गेली तेव्हा आम्ही ते सुंदर अक्षरात एका कार्डावर लिहिलं, खाली सगळ्यांनी सह्या केल्या. "दोन-चार महिन्यांत बघा, देव दार उघडतो की नाही," असं मीच म्हणाले होते.

अकरा महिने काहीही झालं नाही. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तो मागे थांबला. बायबलमधून ते कार्ड काढून त्याने माझ्यासमोर ठेवलं. हाताळून हाताळून त्याचे कोपरे मऊ पडले होते. "ताई, हे वचन माझ्यासाठी नव्हतं, की देवाने माझ्याकडे पाठ फिरवली?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मी तो अख्खा अध्याय एका बैठकीत वाचला. इतकी वर्षं शिकवत असूनही तसा तो पहिल्यांदाच वाचत होते. ते एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना संदेष्टा यिर्मयाने यरुशलेमहून लिहिलेलं. अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे बाबेलातच मिटणार होते. तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आणि एकच अध्याय मागे, अठ्ठाविसाव्यात, हनन्या उभा आहे. दोनच वर्षांत सगळं पूर्ववत होईल, असं छातीठोकपणे सांगणारा. तो खोटा संदेष्टा ठरला. आम्ही यिर्मयाचं वचन कार्डावर लिहिलं होतं, पण त्या भावाला सांगितलं ते हनन्याचंच.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांसमोर त्याची क्षमा मागितली आणि आम्ही दोन्ही अध्याय सलग वाचले. तो पाचव्या वचनापाशी अडला. "म्हणजे वाट बघण्याच्या दिवसांतही घर बांधायचं," एवढंच म्हणाला. नोकरी त्यानंतर बऱ्याच काळाने लागली. त्याआधीच त्याने गटातल्या दोघा मुलांना गणित शिकवायला सुरुवात केली होती.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. उतारा मी वचनांचे आकडे आणि मधली शीर्षकं काढून, कागदावर सलग उतरवून आणते. ते आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, इंग्रज धर्मपंडित स्टीफन लँग्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी. नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. शोधायला त्यांचा फार उपयोग आहे, पण वाचताना त्यांच्यामुळे पत्राचे तुकडे पडतात. आकडे नसले की माणसं आपोआप आधीचं-नंतरचं वाचायला लागतात.

भाष्यग्रंथ आधी उघडणं

उतारा निदान तीनदा वाचून, आपले प्रश्न वहीत लिहून झाल्याशिवाय उघडू नका.

वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचा धडाका

पहिलं पुस्तक उत्पत्ती उत्साहात, दुसरं निर्गम कसंबसं, तिसऱ्यात, लेवीयात, गाडी रुतते आणि मग अपराधीपणाने वाचनच सुटतं. नवख्याला मी मार्काचं शुभवर्तमान देते. सोळा अध्याय, महिनाभर, पुन्हा पुन्हा तेच. याने माणसं कंटाळतात, मला माहीत आहे. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३५ मध्ये फिंकेनवाल्डचं पाळक-प्रशिक्षण केंद्र चालवायला घेतलं, तेव्हा विद्यार्थ्यांना रोज सकाळी अर्धा तास एकाच उताऱ्यावर शांत मनन करायला लावलं, आणि तो उतारा आठवडाभर तोच असे. विद्यार्थ्यांनाही ते जड गेलं. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, केंद्र बंद पाडलं. पुढे वाचायला पुस्तकं उरली नाहीत तरी मुरलेला उतारा उरतो, म्हणून माझा वेगापेक्षा मुरण्यावर भर आहे.

अर्ध्या ग्रीकचा मारा

ही चूक शिकलेल्यांची आहे, म्हणून मला जास्त लागते. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधला 'ड्युनामिस' म्हणजे सामर्थ्य, त्यावरून डायनामाइट, म्हणून पवित्र आत्म्याचं सामर्थ्य स्फोटासारखं, असं मी कितीदा ऐकलं असेल! डायनामाइट आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये पेटंट केलं. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाच्या डोळ्यांसमोर ते कुठून येणार? शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याच्या काळात शोधायचा असतो.

आमच्याकडे एक तरुण यायचा. सहा-सात महिने ग्रीक शिकला होता, मनापासून शिकला होता. गटात एक आजी होत्या. एकदा प्रीतीविषयी बोलताना त्यांनी आपल्या आजारी नवऱ्याची सेवा करण्याबद्दल दोन वाक्यं सांगितली. तो मध्येच म्हणाला, "आजी, ते 'फिलिया' झालं, माणसामाणसातला जिव्हाळा. इथे 'अगापे' आहे. अगापे म्हणजे फक्त देवाची निरपेक्ष प्रीती." आजींनी मान हलवली आणि बायबल मिटलं. पुढचे चार महिने त्या यायच्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्याला तिथेच थांबवलं नाही, ही माझी चूक.

शिवाय तो म्हणत होता ते खरंही नव्हतं. २ तीमथ्य ४:१० मध्ये देमास जगावर प्रेम करून पौलाला सोडून गेला, तिथे 'अगापे'च्याच कुळातलं क्रियापद आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, २ शमुवेल १३ मध्ये, अम्नोनाच्या सावत्र बहीण तामारेवरच्या त्या भयंकर ओढीलाही तेच क्रियापद वापरलं आहे. उलट योहान ५:२० मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो, तिथे 'फिलिया'च्या कुळातलं क्रियापद येतं. कोणता शब्द बायबलमध्ये कुठेकुठे आला ते दाखवणारी शब्दसूची उघडून अर्धा तास बसलं असतं तर हे दिसलं असतं.

मी दोघांनाही घरी बोलावलं. त्याने शब्दसूची आणली, आम्ही एकेक संदर्भ काढून वाचला. देमासापाशी तो गप्प झाला. मग त्याने स्वतःहून आजींना विचारलं, "तुम्ही त्या दिवशी काय सांगत होता?" आजींनी सांगितलं, सगळं सांगितलं, तासभर. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लोस या उपदेशकाची चूक प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी भरसभेत काढली नाही, त्याला जवळ घेऊन समजावलं. दुरुस्ती करायची असेल तर अशीच करावी.

विद्वत्ता चुकीची असते असं मी मुळीच म्हणत नाही. प्राचीन काळचा बायबल-भाषांतरकार जेरोम याने इब्री भाषेतून योनाच्या पुस्तकाचं नवं लॅटिन भाषांतर केलं. जुन्या भाषांतरातल्या भोपळ्याच्या वेलाच्या जागी त्यात आयव्हीचा वेल आला. उत्तर आफ्रिकेतल्या ओएआ नगरात ते वाचल्यावर मंडळीत असा गदारोळ झाला की बिशपवर मंडळीविना उरण्याची वेळ आली. हे ऑगस्टीन या बिशपने इ.स. ४०३ मध्ये जेरोमलाच पत्राने कळवलं. जेरोमसारखा पंडितही लोकांच्या कानांत बसलेल्या शब्दाला हात लावतो तेव्हा आधी त्यांना तयार करावं लागतं. आमच्या गटात आता एक रीत आहे. मूळ भाषेतलं काही सांगायचं असेल तर त्याच शब्दाच्या किमान पाच जागा दाखवायच्या, आणि त्यासाठी कुणाचं बोलणं तोडायचं नाही.

आणखी काही

"मला यातून काय मिळालं" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारू नका. उतारा काय म्हणतो हे आधी बघा.

गट चालवणाऱ्याने निम्म्याहून जास्त वेळ बोलू नये. मी घड्याळ समोर ठेवते.

गटात सांगितलेली गोष्ट 'प्रार्थनाविषय' म्हणून बाहेर फिरवू नका. असं झालेलं एक कुटुंब आमच्या गटातून गेलं ते परत आलंच नाही, आणि मला त्यांचा दोष वाटत नाही.

प्रार्थना शेवटच्या दोन मिनिटांत उरकू नका. चर्चा रंगात आली असली तरी मी वीस मिनिटं आधी पुस्तकं मिटायला सांगते. त्या वेळात आजी पहिल्यांदा बोलतात, आणि तो तरुण त्यांच्या शेजारी बसतो.