थायरॉइड कॅन्सर आणि सीबीसी: रक्तपेशींचे आकडे वाचताना या चुका टाळा

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट आला की थायरॉइड कॅन्सरचे अनेक रुग्ण मोबाइलवर भागाकार करतात: न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार). उत्तर मागच्यापेक्षा मोठं आलं की कॅन्सर वाढला असं वाटून झोप उडते. ही धास्ती बहुतेक वेळा विनाकारण असते.

आधी भागाकारच तपासा. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के, तर गुणोत्तर २. टक्क्यांना टक्क्यांनी भागा किंवा संख्येला संख्येने, पण दोन्हींची सरमिसळ नको.

सर्वांत मोठी चूक रक्त कधी दिलं हे विसरण्याची. घसा धरला असेल, दातात पू झाला असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर न्यूट्रोफिल वाढू शकतात. ऑपरेशनच्या वेळी उलटी होऊ नये म्हणून बऱ्याचदा डेक्सामेथासोन देतात. या स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल रक्तप्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट कमी होतात. मग ७८ टक्क्यांना १३ ने भागून ६ येतात. यात कॅन्सरचा काही संबंध असेलच असं नाही. रेडिओआयोडीननंतरही (थायरॉइडच्या उरलेल्या पेशी मारण्यासाठी दिलेलं किरणोत्सारी आयोडीन) लिम्फोसाइट घटून गुणोत्तर फुगू शकतं.

प्लेटलेट अचानक खूप कमी दिसल्या तर घाबरण्याआधी लॅबला रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए हे रसायन असतं; अशा नळीत कधीकधी प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. सायट्रेट हे दुसरं रसायन असलेल्या नळीत पुन्हा तपासलं की खरा आकडा कळतो.

दुसऱ्याच्या आकड्याशी तुलनाही नको. ॲनाप्लास्टिक हा थायरॉइडचा अतिशय आक्रमक कॅन्सर. त्यात वाढलेल्या गुणोत्तराचा संबंध आजाराच्या बिकट वाटचालीशी आढळला आहे, पण तोच अर्थ पॅपिलरीच्या (थायरॉइड कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा, सहसा सावकाश वाढणारा प्रकार) रुग्णाने स्वतःला लावू नये. हे गुणोत्तर शरीरातल्या दाहाची चाहूल देतं, आजाराचं नाव सांगत नाही.

पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या प्रकारांमध्ये पाठपुराव्याचा खरा आधार थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) आणि मानेची सोनोग्राफी. थायरोग्लोब्युलिनसोबत त्याच्या अँटिबॉडीही तपासायलाच हव्यात, कारण त्या असतील तर आकडा फसवा कमी येऊ शकतो. शक्यतो दर वेळी लॅब एकच ठेवा. मेड्युलरी या आणखी एका प्रकारात रक्तातलं कॅल्सिटोनिन आणि सीईए बघतात.

उलटी चूक मला जास्त काळजीची वाटते: गुणोत्तर नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहणं. मानेत नवी गाठ हाताला लागली, आवाज बसला तो सुटेना किंवा गिळताना अडकायला लागलं, तर सीबीसी कितीही चांगला असो, पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना मान दाखवा.