सरकारी नोकरीसाठी शहरांचा पसंतीक्रम भरताय? या चुका टाळा

मागच्या रविवारी भाचा आला तो मेगाब्लॉकला शिव्या देतच. डोंबिवलीहून दादरला यायला पावणेदोन तास लागले म्हणाला. चहा व्हायच्या आत त्याने वहीचा फाडलेला कागद पुढे केला. ‘मावशी, पसंतीक्रम काढलाय. बघ जरा.’

एक नंबरला मुंबई, दोनला पुणे, तीनला गोवा, चारला बंगळूर, पाचला दिल्ली. नागपूर आठवं. सुरत यादीतच नाही.

‘गोवा तिसरं कसं रे?’

‘मावशी, गोवा आहे तो!’

मी बावीस वर्षं एका केंद्रीय खात्यात नोकरी करते. आमच्या बिल्डिंगमधली, नात्यातली, ओळखीच्यांच्या ओळखीची पोरं फॉर्म घेऊन येतात. चुका ठरलेल्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या मी स्वतः करून बसलेली आहे.

शहर वाचलं, नकाशा वाचला नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. फॉर्मवर शहराचं नाव असतं, पण आपण निवडत असतो केडर, म्हणजे खात्याच्या एका ठरावीक भागातल्या कर्मचाऱ्यांचा गट. केडरला हद्द असते, आणि त्या हद्दीतल्या कुठल्याही ऑफिसात खातं तुम्हाला बसवू शकतं.

माझंच सांगते. मी वडोदरा भरलं होतं. मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी तिथे, दांडिया बाजारात मराठी माणसं, मराठी जेवण मिळतं, अजून काय हवं? पहिले आठ महिने तसेच गेले. मग ऑर्डर निघाली ती एका आडगावच्या ऑफिसची. तिथून मुंबईची एकच सोयीची गाडी, आणि ती यायची रात्री पावणेतीनला. फलाटावरच्या एकमेव पेटत्या दिव्याखाली बॅगेवर बसून मी किती रात्री काढल्या! खात्याने फसवलं असं म्हणता येत नाही. हद्द जाहिरातीतच छापलेली होती, मीच ती वाचली नव्हती.

तेव्हापासून पोरांना एकच काम लावते. जे नाव लिहिणार त्याच्या हद्दीतली सगळी ऑफिसं शोधा आणि सगळ्यात लांबच्या ऑफिसावर बोट ठेवा. तिथे तीन वर्षं काढता येतील का? हो असेल तर नाव वर जाऊ दे.

रेल्वेचं उदाहरण घ्या. मध्य रेल्वेचं मुख्यालय सीएसएमटीला आहे, पण विभाग पाच आहेत: मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर. ‘मध्य रेल्वे मिळाली’ म्हणून पेढे वाटले आणि पोरगा भुसावळला रुजू झाला, असं एक घर आमच्याच मजल्यावर आहे. बँकेच्या क्लार्कसाठी महाराष्ट्र भरलात, तर महाराष्ट्रात गडचिरोलीही येतं. उलट बाजूही बघा. एमपीएससीतून सहायक कक्ष अधिकारी झालात तर काम मंत्रालयात, म्हणजे मुंबईतच. पण बाकीच्या बऱ्याच पदांना महसुली विभाग वाटून मिळतो, आणि असे विभाग सहा आहेत. आणि केंद्रीय सचिवालयाचं सहायक पद भाच्याने ‘पोस्ट भारी आहे’ म्हणून वर टाकलं होतं. ते म्हणजे जवळजवळ अख्खी नोकरी दिल्लीत.

दोन प्रकारचे फॉर्म, एकच डोकं

पोरं इथे फार गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगते.

पहिल्या प्रकारात निकाल गुणवत्तेप्रमाणे लागतो आणि तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचली जाते. जे पहिलं रिकामं सापडेल ते तुमचं. स्टाफ सिलेक्शन कमिशन म्हणजे केंद्राच्या नोकऱ्यांची भरती करणारा आयोग. त्याच्या पदवीधर परीक्षेत असंच होतं. आयोग पदांचा आणि खात्यांचा पसंतीक्रम घेतो, आणि नंतर अनेक खाती झोनचा, म्हणजे देशातल्या भागांचा, पसंतीक्रम वेगळा मागवतात. अशा फॉर्मात हुशारी करायची नसते. ‘मुंबई मिळणार नाहीच, मग पहिला नंबर कशाला वाया घालवू?’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. अरे, वाया काहीच जात नाही. मुंबई भरलेली असेल तर यादीत खाली सरकतात आणि दुसऱ्या नावाला तुमचा हक्क तेवढाच राहतो. खरंच जे आवडतं ते त्याच क्रमाने लिहा.

दुसऱ्या प्रकारात अर्ज करतानाच एक जागा निवडावी लागते. रेल्वे भरतीत एका जाहिरातीला एकाच आरआरबीकडे, म्हणजे रेल्वे भरती मंडळाकडे, अर्ज करता येतो. दोन ठिकाणी केलात तर दोन्ही बाद. स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएटला एकच राज्य निवडता येतं, पोलीस शिपायाला एका पदासाठी एकच घटक, म्हणजे एकच जिल्हा किंवा आयुक्तालय. इथे मात्र जागा किती आहेत आणि मागच्या दोन-तीन भरत्यांचे कट-ऑफ काय होते हे बघूनच उतरायचं. मनाची आवड इथे पुरत नाही.

पण कट-ऑफ बघणारेही एक गोष्ट विसरतात ती म्हणजे भाषा. बँकेच्या क्लार्कला निवडलेल्या राज्याची भाषा वाचता, लिहिता आणि बोलता यावी लागते. दहावी किंवा बारावीला ती भाषा शिकलेली नसेल तर परीक्षा द्यावी लागते. ‘तिकडे कट-ऑफ कमी लागतो’ म्हणून शेजारचं राज्य धरायचं आणि शेवटच्या पायरीवर घसरायचं, याला काय म्हणावं!

आणखी एक. परीक्षा केंद्राचा नेमणुकीशी काडीचा संबंध नसतो. स्टाफ सिलेक्शनला मुंबई केंद्र घेतलं म्हणून मुंबईत नेमणूक मिळत नाही. हे लिहावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं, पण लिहावं लागतं.

घरभाडे भत्त्याचं अर्धवट गणित

‘मुंबईत एचआरए जास्त मिळतो’ हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती जास्त हे कोणी मांडून बघत नाही. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. जानेवारी 2024 मध्ये महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून त्यांना मूळ वेतनाच्या 30, 20 आणि 10 टक्के घरभाडे भत्ता मिळतो. आठवा आयोग मंजूर झालेला आहे, त्यामुळे आकडे बदलतील, पण हिशोबाची रीत हीच धरा.

वेतनाच्या लेव्हल 4 चा नवा कर्मचारी घ्या, मूळ वेतन 25,500. मुंबईत 7,650, नागपुरात 5,100, रत्नागिरीत 2,550. वाहतूक भत्ता मुंबई आणि नागपुरात सारखाच, 3,600 आणि त्यावर महागाई भत्ता. रत्नागिरीत त्याच्या निम्मा. म्हणजे मुंबई आणि नागपूर यांच्यात फरक महिन्याला 2,550 रुपयांचा. एवढ्यात मुंबईत वन रूम किचन देणारा ब्रोकर भेटला तर मला नक्की कळवा, मीही घेईन एखादं.

मजा पुढेच आहे. भत्ता ऑफिस कुठे आहे त्यावर ठरतो, तुम्ही कुठे राहता त्यावर नाही. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अगदी बदलापूरही बृहन्मुंबईच्या नागरी समूहात येतं, म्हणून एक्स. वसई-विरार आणि भिवंडी मात्र वाय. ऑफिस वसईला मिळालं तर 20 टक्के, आणि भाड्याला मात्र मुंबईचंच वारं लागलेलं.

क्वार्टर मिळाली तर घरभाडे भत्ता बंद होतो आणि थोडी लायसन्स फी कापली जाते. मुंबईत तरीही तो सौदा फायद्याचाच. अँटॉप हिलच्या केंद्रीय वसाहतीत राहणारी माझी मैत्रीण सकाळी सव्वानऊला निघते. बदलापूरहून येणारा आमचा सहकारी 68 किलोमीटर यायला पावणेआठची गाडी पकडतो. फक्त क्वार्टरचा अर्ज टाकला की वेटिंग लिस्ट असते. रुजू झाल्या दिवशी किल्ली मिळेल या भरवशावर डिपॉझिटचे पैसे खर्च करू नका. आणि पहिल्या नेमणुकीला सामान हलवायचा खर्च सहसा आपलाच असतो, तो बदलीतच मिळतो.

‘महाराष्ट्रातलं’ म्हणजे जवळचं, हा समज

मुंबई सेंट्रलहून सुरत सुमारे 263 किलोमीटर. सीएसएमटीहून नागपूर सव्वाआठशेच्या वर. शुक्रवारी संध्याकाळी सुरतेहून निघालेला माणूस रात्री घरी जेवतो. नागपूरचा माणूस तेव्हा कुठे अकोल्याच्या आसपास असतो. तरी आमची पोरं सुरत लिहायला तयार नसतात, का तर ‘परराज्य’. सुरतेलाही 20 टक्केच भत्ता आहे आणि वाहतूक भत्ताही मोठ्या शहराचाच.

याचा अर्थ नागपूर खाली टाका असा नाही. घर घ्यायचं असेल, म्हाताऱ्यांना सोबत न्यायचं असेल, तर नागपूरच बरं. तिथे भाषा आपली, केंद्राची ऑफिसं भरपूर, सीजीएचएस, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, आहे. दर शनिवारी घरी यायचं असेल तर सुरत. आधी ठरवा की घर तिकडे नेणार की घराकडे येत राहणार. यादी आपोआप बदलते.

ज्या दोन-तीन शहरांबद्दल मन अडखळतंय ती जाऊन बघा, पण रविवारी नको. मंगळवारी जा, ऑफिस सुटायच्या वेळेला बाहेर उभे राहा, माणसं कुठल्या बसने कुठे जातात ते बघा. जवळच्या खाणावळीत जेवा. तिथला गल्ल्यावरचा माणूस भाड्याबद्दल जेवढं खरं सांगतो तेवढं कुठलीही वेबसाइट सांगत नाही.

‘आधी लागू दे, मग बदली करून घेऊ’

या वाक्यावर मी आता हसतही नाही. स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएटच्या जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं असतं की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदलीची तरतूद नाही. जीएसटी आणि कस्टम्सवाल्या मंडळाने 2018 मध्ये एका क्षेत्रातून दुसऱ्यात कायमची बदली बंद केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2022 मध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पती-पत्नी आणि दिव्यांगांच्या बाबतीत फेरविचार करा, असंही सांगितलं.

जिथे विनंती बदली मिळते तिथे किंमत असते. नव्या ठिकाणी ज्येष्ठतेच्या यादीत तुम्ही तळाला जाता. सहा-सात वर्षांची सीनिऑरिटी गेली म्हणजे प्रमोशनही तेवढं लांबतं, आणि विनंती असल्याने सामानाचा खर्चही मिळत नाही. रेल्वेत म्युच्युअलचा, म्हणजे आपसात जागा बदलण्याचा, रस्ता आहे, पण त्यासाठी तुमच्या जागी यायला तयार असलेला, त्याच पदावरचा माणूस सापडावा लागतो. मुंबई सोडून तुमच्या आडगावी यायला कोण तयार आहे, याचा विचार करा.

पती-पत्नीला एका ठिकाणी ठेवण्याबद्दल केंद्राचं 2009 चं परिपत्रक आहे. त्याचा आधार जरूर घ्या, पण ते शक्य असेल तिथवर आहे, हमी नाही. राज्य शासनात मात्र हिशोब वेगळा. तिथे 2005 च्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ धरलेला आहे, म्हणजे बदली होणारच. म्हणून एमपीएससीवाल्यांनी पहिल्या शहरापेक्षा विभागाचं टेन्शन घ्यावं.

आणि हो, घरात विचारा. वडिलांचं डायलिसिस कुठे चालतं, बायकोची नोकरी सुटेल का, हे फॉर्म भरायच्या आधीचं बोलणं आहे. लग्न ठरायचं असेल तर मुलीकडचे पगार विचारायच्या आधी ‘मुंबईत आहे ना?’ हे विचारतात. तेही खरंच.

चूक होऊन गेली असेल तर

मुदत शिल्लक असेल तर लॉगिन करून फॉर्म पुन्हा उघडतो का ते आज बघा, शेवटच्या दिवशी साइट रडते. भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा. मुदत गेली असेल तर आयोगाला पत्रं लिहून उपयोग नाही. पसंतीक्रम न भरणं ही त्याहून मोठी चूक आहे, स्टाफ सिलेक्शनला तर निवडीतूनच बाहेर काढतात. एमपीएससीत नको असलेलं पद मिळत असेल तर भरती प्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय असतो. तो वेळेत वापरा, मागच्या मुलाचं भलं होतं.

नको ते शहर मिळालंच आणि विचार करायला वेळ हवा असेल तर रुजू होण्याची मुदतवाढ लेखी मागा. गप्प बसलात तर ऑफर जाते. माझं मत विचाराल तर रुजू व्हा. मग पुढची परीक्षा खात्याची एनओसी (ना हरकत पत्र) घेऊन, प्रॉपर चॅनलने, म्हणजे खात्यामार्फत, द्या. पुढची केंद्रीय नोकरी लागली की तांत्रिक राजीनामा देता येतो, साठलेली रजा आणि आधीची सेवा वाया जात नाही. चोरून अर्ज केलात तर यातलं काही मिळत नाही.

भाच्याचा कागद शेवटी खोडाखोडीने भरला. मुंबई आणि पुणे होती तिथेच राहिली. सुरत तिसरी आली, नागपूर चौथं. गोवा सहावर घसरलं, तेही त्याने बराच वेळ पेन हातात धरून. दिल्ली त्याने स्वतःच्या हाताने तळाला नेली. संध्याकाळी ताईचा फोन आला. ‘सुरत कशाला गं लिहायला लावलंस? त्याला मुंबईच मिळणार आहे.’

मी म्हटलं, ‘मुंबई पहिलीच आहे ना ताई, तीच आधी वाचतील.’