नवा स्टीम लोको आला? शोकेसमध्ये ठेवायच्या आधी हे बघून घ्या

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल डब्यातून निघालं की पहिली दहा मिनिटं आपण सगळेच येडे होतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, बायकोला दाखवतो, ती विचारते केवढ्याला पडलं आणि आपण जरा कमीच सांगतो. हे सगळं करा, पण त्याच दिवशी ते रुळावर घाला, कारण नाहीतर माझ्यासारखं होतं. मी एक महागडं पॅसिफिक (पुढे चार छोटी, मध्ये सहा मोठी, मागे दोन छोटी चाकं असलेलं इंजिन) बाहेरून मागवलं, जून महिना होता, लेआउटवर, म्हणजे घरात मांडलेल्या रुळांवर, प्लास्टिक टाकून ठेवलेलं (आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेनं रूळ काळे पडतात), म्हटलं दिवाळीत चालवू. दिवाळीत चालवलं तर ते बदकासारखं डुलत चाललं. दुकानदाराला लिहिलं, त्यानं अगदी गोड शब्दात सांगितलं की परत करायची मुदत केव्हाच संपली. चूक माझीच. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे, आधी चाल, मग रूप. पण रूप बघायचा मोह कुणालाच सुटत नाही हे माहिती आहे, म्हणून तेही सांगतो.

उदाहरणाला ब्रिटनचं फ्लाइंग स्कॉट्समन घेतो. एक तर सगळ्यांना माहिती असलेलं इंजिन, आणि दुसरं म्हणजे मॉडेल कंपन्या हे एकच इंजिन इतक्या वेगवेगळ्या रूपात काढतात की तपासायची सवय लागायला यासारखं दुसरं नाही. आपलं मॉडेल ओओ स्केलचं, म्हणजे १:७६, १६.५ मिमीच्या रुळावर चालणारं असं धरतो.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. समोरून बघितलं की ओओचं इंजिन बारीक पायांवर उभं असल्यासारखं दिसतं. तो त्या मॉडेलचा दोष नाही. ब्रिटनच्या ४ फूट साडेआठ इंच रुळाचं या स्केलला १८.८३ मिमी व्हायला हवं, पण ओओ पहिल्यापासून १६.५ वरच चालत आलंय. (आपल्या ब्रॉडगेजचं इंजिन याच स्केलला केलं तर रूळ २२ मिमीचा लागेल, त्यामुळे १६.५ वर आपलं डब्ल्यूपी हे जुनं वाफेचं इंजिन बघितलं की मला कसंतरीच होतं.) तेव्हा याचे मार्क कापू नका.

मार्क कापायचे ते सालावरून. बॉक्सवर काय लिहिलंय ते वाचा आणि मग बघा की हे इंजिन नेमकं कोणत्या सालातलं आहे. खरं इंजिन १९२३ साली डॉनकॅस्टरला तयार झालं, नायजेल ग्रेस्ली यांचं डिझाईन, तेव्हा ते ए१ क्लासचं होतं. ४४७२ हा नंबर १९२४ मध्ये मिळाला. १९२८ मध्ये लंडन ते एडिनबरा ३९२ मैल न थांबता जायला लागलं तेव्हा त्याला कॉरिडॉर टेंडर लावला, म्हणजे टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याच्या) आतून माणूस जाईल एवढी बोळकांडी आणि मागे डब्याला जोडायचं दार, चालत्या गाडीत ड्रायव्हर-फायरमन बदलता यावेत म्हणून. १९३४ ला ताशी १०० मैल वेगाची नोंद झाली. ए३ मध्ये रूपांतर झालं थेट जानेवारी १९४७ ला, आणि गंमत इथेच आहे, कारण तोपर्यंत ४४७२ हा नंबर गेलेला होता, इंजिन १०३ झालं होतं, पुढे ब्रिटिश रेल्वेत ६०१०३. म्हणजे ए३ चा बॉयलर आणि नंबर मात्र ४४७२ असं मॉडेल असेल तर ते १९६३ नंतरचं, रेल्वेतून निवृत्त होऊन खासगी मालकाकडे गेल्यावरचं इंजिन. आणि बॉक्सवर जर १९३० च्या दशकातलं असं छापलं असेल तर काहीतरी गडबड आहे.

ए१ की ए३ हे ओळखायचं कसं, तर स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या, धुराड्याखालच्या भागाच्या) दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला बघा, ए३ ला तिथे सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या) हेडरवरची छोटी झाकणं उठून दिसतात, ए१ ला नाहीत. मग धुराडं बघा. १९५० च्या दशकाच्या अगदी शेवटी डबल धुराडं बसलं, ते वरून लांबट दिसतं. आणि १९६१ ला धूर वर ढकलायला दोन्ही बाजूंना पत्रे लागले. त्यामुळे ब्रिटिश रेल्वेच्या हिरव्या रंगात ६०१०३, पत्रे लावलेले पण धुराडं मात्र सिंगल, असं मॉडेल दिसलं तर समजा कंपनीनं जुना साचा तसाच वापरलाय. असं तपासायला एकच फोटो पुरत नाही, त्या सालातले दोन तीन फोटो समोर ठेवा, डावी बाजू वेगळी उजवी वेगळी.

मग पट्टी घ्या, खरं तर व्हर्नियर. मोठी चाकं ६ फूट ८ इंची, म्हणजे या स्केलला २६.७ मिमी. मॉडेलची फ्लँज (चाकाची आतली कड) स्केलपेक्षा जाड असते म्हणून अर्धा मिमी इकडे तिकडे चालवून घेतात, त्याहून कमी असेल तर इंजिन बसकं दिसतं. इंजिन आणि टेंडर मिळून जवळपास ७० फूट, म्हणजे २८ सेंटीमीटर भरायला हवेत. इथे इंजिन आणि टेंडर यांच्यातली फट हा मोठा मुद्दा असतो, पुष्कळ मॉडेलला जोडपट्टीवर दोन भोकं दिलेली असतात, एक लांब एक जवळ, येताना बहुतेक लांबच्यात लावून येतं आणि लोक तसंच वापरतात आणि वर म्हणतात फट फार आहे. जवळच्या भोकात लावून बघा, पण मग तुमच्या सगळ्यात टाईट कर्व्हवर हातानं ढकलून बघा, केबचा (ड्रायव्हरच्या खोलीचा) कोपरा टेंडरला टेकतोय का.

रंग दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. यात खरी परीक्षा असते ती दोन वेगवेगळ्या मटेरियलची. बॉयलर प्लास्टिकचा आणि फूटप्लेट (बॉयलरच्या बाजूची आडवी पट्टी) धातूची असेल तर तोच सफरचंदी हिरवा दोन्हीवर वेगळा दिसू शकतो, टेंडर तर कधी कधी दुसऱ्याच घाण्यातून आल्यासारखा असतो. रेघा बघा, काळी पांढरी रेघ केबच्या कोपऱ्यावर तुटते का, बॉयलरच्या पट्ट्या खालपर्यंत नीट जातात का. भिंग घेऊन नेमप्लेट वाचा. हँडरेल वेगळी तार लावलेली आहे की साच्यातच उठवलेली हे नखानं कळतं, तार असेल तर नख खालून जातं. रिव्हेटचं मात्र फार कौतुक करू नका, १:७६ ला जे रिव्हेट लांबून डोळ्यात भरतात ते बहुतेक वेळा मुळात जास्तच मोठे असतात.

केबखालच्या मागच्या छोट्या चाकांकडे एकदा वाकून बघाच. या इंजिनाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ती मागची जोडी फ्रेमला घट्ट बसवलेली असते आणि चाकांना फ्लँजच नसते, रुळाच्या किंचित वर तरंगत असतात, कारण नाहीतर छोट्या कर्व्हवर इंजिन वळणारच नाही. काही वेळा पिशवीत फ्लँजवाली चाकं वेगळी देतात, ती शोकेससाठी. हे बघून फसवलं म्हणून ओरडू नका, पण तरंगायचं प्रमाण बघा, एक मिमी दिसत असेल तर ते मलाही नाही पटत.

आता चाल. इंजिन उलटं करायच्या आधी फोमचा पाळणा करा, हातात धरून उलटं केलं की बारीक पायऱ्या आणि पाईप तुटतात. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, ओओला साधारण साडेचौदा मिमी, एखादी जोडी कमी जास्त असेल तर पॉइंटवर, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतो तिथे, हमखास उडी मारणार. चाकांना जोडणारे दोन्ही बाजूंचे दांडे बघा, मोठ्या चाकावरचा तो छोटा रिटर्न क्रँक दोन्हीकडे सारखाच झुकलाय का ते बघा, एक पुढे एक मागे असं जोडून आलेलं मी स्वतः पाहिलंय. माहितीपत्रकात सांगितलेल्या जागी तेलाचा एक थेंब, एकच, आणि मग डबे न लावता अर्धा तास पुढे अर्धा तास मागे मध्यम वेगानं फिरू द्या. कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर जुना फीडबॅक कंट्रोलर (मोटरचा वेग स्वतः सांभाळणारा) लावू नका, मोटर तापते.

मग सगळ्यात कमी वेगावर आणा आणि रुळाच्या पातळीला डोळा आणा. माझा भाचा मोबाईलवर स्लो मोशन लावून पोटावर झोपतो, त्याच्याइतकं चांगलं मला कधीच दिसत नाही. गचका बसतोय का? बसत असेल तर कुठे? एकाच जागी बसत असेल तर रूळ बघा, इंजिनाला दोष देऊ नका. दर ८४ मिमीला बसत असेल तर मोठी चाकं किंवा दांडे, कारण २६.७ च्या चाकाचा एक फेरा तेवढाच होतो. दर ४ सेंटीमीटरला हलत असेल तर पुढच्या बोगीची छोटी चार चाकं, खऱ्या इंजिनाला ती ३ फूट २ इंचांची आहेत. रुळाला पट्टी लावून खडूनं खुणा केल्या की पाच मिनिटांत निकाल लागतो आणि दुकानदाराला लिहिताना "नीट चालत नाही" यापेक्षा "दर ८४ मिमीला अडतंय, व्हिडिओ सोबत" असं लिहिलं की उत्तर पटकन येतं. डुलणंही याच व्हिडिओत दिसतं, पुढच्या बफरच्या आडव्या पट्टीकडे बघा, ती वरखाली होत असेल तर चाकाचं भोक मध्यावर नाही.

वेगाचं म्हणाल तर एक मीटर मोजा आणि घड्याळ लावा, २.८ सेकंदात पार केलं म्हणजे ताशी ६० मैल, १.७ सेकंदात केलं म्हणजे १९३४ चे १०० मैल. आपण बहुतेक जण याच्याही वर पळवतो आणि मग म्हणतो खरं वाटत नाही.

ओढायची ताकद डब्यांवर मोजा. एक मीटरची फळी घ्या, एक टोक २५ मिमी उचला, १:४० चा चढ झाला, त्यावर पाच डबे लावून चाकं जागेवर फिरतात का बघा. रबरी टायर असलेलं इंजिन इथे मस्त ओढतं पण त्या चाकातून करंट मिळत नाही, त्यामुळे हळू वेगावर पॉइंटवर अडखळतं, दोन्ही हवं असेल तर वजनदार धातूचा बॉयलर शोधा. करंट टेंडरच्या चाकांतूनही घेतला असेल तर उत्तम, ते तपासायला मोठ्या चाकांखाली पातळ कागद सरकवा आणि मोटर फिरते का बघा.

साउंडवालं घेतलं असेल तर एक चाचणी कुणी करत नाही. या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्याला सहा फुसकारे यायला हवेत, चार नाही. कमी वेगावर दांड्याकडे बघत मोजा. चार आले तर दोन सिलिंडरवाल्या इंजिनाचा आवाज भरलाय किंवा डिकोडरचं (इंजिनातल्या चिपचं) सेटिंग चुकलंय, सेटिंग घरी बदलता येतं, आवाजच दुसरा असेल तर कळवा. फायरबॉक्सचा लाल दिवा चालतो का, बरं आहे, धूर सोडायचं यंत्र असेल तर त्याचं तेल रंगावर सांडू देऊ नका, यापुढे मला त्यात रस नाही. नुसतं डीसीसी रेडी असेल, म्हणजे डिजिटल कंट्रोलसाठी डिकोडर नंतर बसवायची सोय असेल, तर सॉकेट किती पिनचं आहे आणि टेंडरमध्ये स्पीकरला जागा आहे का एवढं मात्र आत्ताच बघा, डिकोडर मागवल्यावर नको.

हे सगळं झाल्यावर सोबत आलेली ती छोटी पिशवी उघडा. ब्रेकचे दांडे, पुढचे व्हॅक्यूम पाईप, सिलिंडरखालच्या बारीक नळ्या. लावल्या की इंजिन एकदम खरं दिसतं, पण नळ्या लावल्यावर पुढची बोगी वळायला जागा उरत नाही, ४३८ मिमीच्या कर्व्हवर तर नाहीच. आधी फेविकॉलचा बारीक ठिपका देऊन बसवा, कर्व्हवर फिरवून बघा, आणि मगच पक्कं चिकटवा. सुपरग्लू वापरलात तर काचेवर पांढरी वाफ धरते, माझ्या केबच्या खिडकीवर अजून आहे.